सुपारीवरचे डोळे

पेणच्या रामवाडी स्टँडवर, भर दुपारी, माझ्या कपाळावर एक लाकूड आपटलं आणि माझं प्रेम सुरू झालं. असं सांगितलं की सगळे हसतात. हसा. मीही बरेच दिवस हसत होते.

मार्गशीर्ष होता, तरी ऊन चटके देत होतं. मी बाजारातून रंगाचे डबे घेऊन निघाले होते. रोह्याची एसटी लागली आणि तिच्यातून एक जण पाठमोरा उतरला. खांद्यावर सागाची लांब फळी. तो उतरला, वळला, आणि फळीही त्याच्याबरोबर वळली.

"डोळे कुठे ठेवलेत तुम्ही?" मी कपाळ चोळत म्हणाले.

"पुढंच हायत. पाठीला नायत, तिथंच घोटाळा झाला," तो म्हणाला. मग घाबरून फळी खाली ठेवली. "लय लागलं का हो?"

"नाही. गुदगुल्या झाल्या."

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं, आणि हसू येऊ नये म्हणून ओठ आत घेतले. केसांत लाकडाचा भुसा, गळ्यात तुळशीची माळ, पायात तुटक्या अंगठ्याची चप्पल… मला राग आलाच होता, पण तो धरून ठेवायला जड जात होता.

"विष्णु मूर्तिकारांचा कारखाना कुठं हाय, म्हाईत हाय का तुम्हाला?"

विष्णु मूर्तिकार म्हणजे माझे अप्पा. पण मी कशाला सांगू?

"माहीत आहे. दाखवते. पण हे डबे तुम्ही घ्यायचे."

एका खांद्यावर फळी, दुसऱ्या हातात माझे चार डबे, असा तो माझ्यामागून चालत राहिला. वाटेत मी नाव विचारलं.

"गुणाजी."

"हे तर कुणाच्या तरी आजोबांचं नाव वाटतं."

"आजोबाचंच हाय. त्यांनी वापरून दिलं. अजून टिकलंय."

कारखान्यात शिरताना मी "अप्पा, तुमच्याकडे कुणी आलंय" म्हटलं, तेव्हा त्याला कळलं. डबे खाली ठेवत तो हळूच म्हणाला, "आधी सांगितलं असतं तर डबे घासून पुसून आणले असते." मी तोंड फिरवलं. हसू आलं होतं म्हणून.

पण आत हसण्यासारखं काही नव्हतं. अप्पा शाडूच्या गोळ्यासमोर बसले होते, रोज बसायचे तसे. किल्लारीचा भूकंप होऊन अडीच महिने झाले होते आणि अडीच महिने अप्पांनी कुंचला हातात धरला नव्हता. दर पावसाळ्यात आमच्या आळीतून गणपतींचे ट्रक लातूर-उमरग्याकडे जातात. त्या वर्षीही गेले होते. तिथल्या माणसांनी अनंत चतुर्दशीला गणपती बोळवले, पुढच्या वर्षी लवकर या म्हणाले, घरी येऊन झोपले, आणि पहाटे घरं त्यांच्या अंगावर पडली. अप्पांच्या डोक्यातून ते जातच नव्हतं. हात कापायला लागले होते त्यांचे. सगळी आखणी, म्हणजे मूर्तीचे डोळे काढायचं काम, माझ्याकडे आलं होतं.

गुणाजीनं फळी त्यांच्यासमोर आडवी ठेवली. ती चौकटीची वरची पट्टी होती, मधोमध लहानसा कोनाडा कोरलेला.

"आमचं रोह्याचं हरिपाठ मंडळ तिकडं चाळीस घरं बांधतंय, अप्पा. चौकटी आमी रोह्यात करतो न टेम्पोनं नेतो. आमचे हैबतबुवा म्हनले, दारावरचा गणपती पेणचाच पायजे. चार बोटांएवढा, ह्या कोनाड्यात बसंल असा."

अप्पांनी फळी स्वतःकडे ओढली. मग म्हणाले, "ते लोक आता गणपती ठेवतील का दारावर?"

मला वाटलं, आता हा बुवांचं काहीतरी ऐकवणार. पण तो म्हणाला, "ते मला सांगता नाय येत. कोनाडा मी करून ठेवतो. ज्यांना नको ते पणती ठेवतील."

अप्पांनी त्या कोनाड्यात बोट फिरवलं. "करतो," ते म्हणाले. "पण आमच्या उंबऱ्याबाहेर बिनडोळ्यांची मूर्ती जात नाही. डोळे काढल्याशिवाय तो देव नाही, माती आहे. डोळे मालू काढेल."

आणि त्या दिवशी अप्पांनी अडीच महिन्यांत पहिल्यांदा माती भिजवली.

कोनाड्याचं माप एकदा घेतलं की काम होतं. गुणाजीनं ते सहा वेळा घेतलं. दर मंगळवारी रोह्याहून यायचा, येताना कधी वालाच्या शेंगा, कधी त्यांच्या कोलाडजवळच्या शेतातले नवे पोहे. मूळचा शेतकऱ्याचा मुलगा, पण हात सुताराचा. माझ्यासमोर पाटावर बसून राहायचा. आखणी चालू असताना कारखान्यात कुणी बोलायचं नाही, असा आमच्याकडचा शिरस्ता आहे. रेघ हलली तर नजर बिघडते. खारीच्या केसांचा कुंचला, आधी पापणीची रेघ, मग बुबुळ, आणि सगळ्यात शेवटी पांढरा ठिपका. तो ठिपका पडला की मूर्ती बघायला लागते.

तो बोलायचा नाही. श्वाससुद्धा धरून ठेवायचा.

"श्वास घे, मरशील," मी एकदा कुंचला उचलून म्हटलं.

"तू रेघ पुरी कर. मग घेतो."

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

"कुठं बघतोय ह्यो?" त्यानं एका गणपतीकडे बोट दाखवलं.

"समोर. रस्त्याकडे. घरी कोण येतंय ते बघायला."

"आणि तू कुठं बघतेस?"

"मी कामाकडे बघते."

"मगाचपासून मी बगतोय. कुंचला कोरडा झालाय तुझा."

झाला होता खरा… मी कुंचला रंगात बुडवला आणि इतका बुडवला की दांडीपर्यंत काळा झाला.

खरं सांगायचं तर मला लाज वाटायची. हे गणपती कुणासाठी चाललेत ते मला ठाऊक होतं. तिकडे माणसं मातीखालून काढली होती आणि इकडे मी त्यांच्या दारावरच्या देवाचे डोळे काढता काढता सुखात होते. आयुष्यात कधी नव्हते इतकी.

पौषात त्याच्या मंडळानं कोलाडला शेतावर पोपटी लावली. अप्पांना आणि मला आग्रहाचं बोलावणं होतं. माळकऱ्यांची पोपटी, त्यामुळे अंडं-कोंबडी नाही, मडक्यात नुसत्या वालाच्या शेंगा आणि रताळी, वरून-खालून भांबुर्ड्याचा पाला. दिवस मावळायला आला होता. मडकं उपडं घालून भोवती पेंढा पेटवला तसा त्या पाल्याचा उग्र वास सगळीकडे पसरला. अप्पा बुवांशी बोलत बसले होते. गुणाजीनं गरम शेंगा माझ्या ओंजळीत ओतल्या आणि शेजारी बसला.

"मालू, एक मागायचं होतं."

"मापं संपली ना घेऊन?"

"सुपारी पायजे एक."

मी बघत राहिले.

"चौकट बसवताना पूजा असते," तो आगीकडे बघत बोलायला लागला. "घरच्या जोडप्यानं बसायचं असतं. बायको नसली तर पुरुष कमरेला सुपारी खोचून बसतो, बायकोच्या जागी. चाळीसातल्या अकरा घरांत जोडपं उरलेलंच नाय. कुठं म्हातारी एकटी, कुठं दोन बहिणी. बुवा म्हनले, तिथं चौकट करनाऱ्यानं बसायचं. म्हंजे मी. मी तर बिनलग्नाचा."

"मग सुपारी घे दुकानातून. पसाभर मिळतात."

"दुकानातली कशी चालंल? बायकोच्या जागी ठेवायची ती."

शेंग माझ्या बोटांत होती आणि चांगलीच भाजत होती. मी ती टाकली नाही.

"आईच्या डब्यात असेल एखादी," मी म्हणाले.

"आईची नको गो. तुझी पायजे."

"विचार करून सांगते."

"सांग. मी श्वास धरून बसतो."

विचार कसला करणार? घरी आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, अप्पा अंघोळीला गेले असताना, सगळ्यात बारीक कुंचला घेऊन सुपारीवर दोन डोळे काढले. पापणी, बुबुळ, पांढरा ठिपका. एवढीशी ती जागा. हात जरासुद्धा हलला नाही. झाल्यावर ती माझ्याकडे बघायला लागली आणि मी एकटीच लाजले.

रोह्याहून निघालेला टेम्पो पेणवरूनच खोपोलीकडे जायचा. रामवाडीला थांबला तेव्हा मी गवतात बांधलेले गणपती चढवले आणि रुमालाची गाठ त्याच्या हातात दिली. त्यानं तिथंच सोडली.

"बघतेय की माझ्याकडं."

"लक्ष ठेवायला पाठवलीय."

तो हसला नाही. सुपारी कमरेला खोचली आणि म्हणाला, "शिमग्याच्या आधी शेवटची चौकट बसंल. मग बुवांना घेऊन अप्पांकडं येतो. मागायला."

"काय मागायला? माप?"

"तुला."

ड्रायव्हरनं हॉर्न मारला. मी काहीच बोलले नाही. बोलायला हवं होतं असं आजही वाटतं.

पंधरा दिवसांनी तो परत आला. काळा पडला होता. पहिलं वाक्य काय, तर "पाच घरांत बसलीस तू."

"कशी आहेत माझी घरं?"

त्यानं सांगायला सुरुवात केली ती हसत, पण हसू टिकलं नाही. घरं उभी राहत होती आणि आत कुणी झोपत नव्हतं. थंडीतसुद्धा माणसं पत्र्याच्या शेडबाहेर उघड्यावर झोपायची. प्रत्येक जण एकच सांगायचा, दार बाहेर उघडणारं कर, पळता आलं पाहिजे. आयुष्यभर त्यानं आत उघडणारी दारं केली होती. आता तो सगळ्या बिजागऱ्या उलट्या लावत होता.

"एक बाई हाय, सगुणा," तो म्हणाला. "नवरा गेला, दोन मुलं गेली. ती न तिची सासू गोदूबाई, दोघीच उरल्या. भूकंपापासून ती बोललेली नाय. एक शब्द नाय. घर पडलं त्या जागेवर जाऊन बसते दिवसभर. तिचं घर सगळ्यात शेवटी हाय."

"तिच्याही घरी मी बसणार का?"

"अकरावं घर. तिथं बसलीस की सुटलीस."

दुसऱ्या खेपेला तो गेला, आणि शिमगा आला. होळी पेटली, विझली. मी रोज रामवाडीपर्यंत काहीतरी काम काढून जायचे. आई म्हणायची, रंग काय रोज संपतात? पाडवा गेला. मंडळातले बाकीचे परत आल्याचं कळलं. हैबतबुवा एकदा बाजारात समोरून आले आणि मला बघून दुकानात शिरले. भांड्यांच्या दुकानात. सत्तर वर्षांच्या माणसाला एवढी घाई करताना मी कधी पाहिलं नव्हतं.

रामनवमीनंतर तो आला. धरमतरच्या खाडीकडून खारा वारा सुटला होता आणि मी सुकत ठेवलेल्या मूर्तींवर फडकी टाकत होते. तो दारातच उभा राहिला. हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं. मी बसायला सांगितलं नाही.

"बुवा कुठे आहेत?" मी विचारलं.

"मी एकटाच आलोय."

"मग मागायला नाही आलास."

त्यानं मान हलवली. नाही.

पाटावर बसला. त्याच पाटावर. आणि खाली बघत सगळं सांगितलं.

शेवटचं घर. उंबऱ्याखाली चुन्याचा ओला थर टाकलेला होता. गुणाजी वाकून, पोटावर पडून उंबरा बसवत होता. उंबरा बसला, चौकट उभी राहिली, बुवांनी पूजा मांडली. पाटावर बसायला म्हणून त्यानं कमरेला हात लावला तर सुपारी नव्हती.

"थाळीत पाच सुपाऱ्या होत्या गो. बुवा म्हनले, घे त्यातली एक, मुहूर्त चाललाय. मी म्हनलं, नाय. माझी तीच पायजे. सगळ्यांना उठवलं, शोधायला लावलं. वाळू चाळली. बुवा चिडले. मी ऐकेना. दुसरी सुपारी मी कमरेला लावली असती तर… मला ते जमेना."

"एवढं वेडं असू नये माणसानं," मी म्हणाले.

"तेवढ्यात गोदूबाईनं सगुणाचा हात धरला न माझ्या शेजारच्या पाटावर आणून बसवली. म्हनली, मुहूर्त टळायला नको बाबा, माझं घर परत पडंल. थाळीतलं कुंकू उचललं न तिच्या कपाळाला लावलं. सगळं गाव उभं होतं. कोन काय बोलनार, मालू? सगळ्यांची माणसं गेलेली. सगळे रडत होते."

"आणि तू?"

"मी उठलो नाय."

"का?"

"मला वाटलं, पूजेपुरतं हाय. उठलो तर तिच्या कपाळावरचं ते कुंकू… सगळ्यांसमोर कसं पुसायचं ते?"

पूजा झाली आणि गोदूबाई घरोघर सांगत सुटली, माझ्या घराला माणूस आला. बुवांनी समजावलं की पूजा म्हणजे लग्न नव्हे. पण गावानं मनात धरलं होतं. गुणाजी स्वतः तिच्यासमोर जाऊन बोलला. पेणला माझं ठरलंय, म्हणाला. म्हातारी रडायला लागली. आणि तेव्हा सगुणा बोलली. सहा महिन्यांत पहिल्यांदा.

"काय बोलली?"

"म्हनली, जाऊ द्या आत्याबाई त्यास्नी. ह्या घरातून समदेच जातात." त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "मला निघता नाय आलं, मालू. बॅग भरली होती. टेम्पो उभा होता. पाय उचलला नाय. वैशाखात लग्न हाय."

कारखान्यात तेव्हा दीडशे मूर्ती होत्या, डोळे न काढलेल्या. एकही बघत नव्हती, ते बरं होतं.

मी शहाणी, समजूतदार मुलगी नाही. तेव्हाही नव्हते. मी म्हणाले, "तुझं तिच्यावर प्रेम आहे?"

"नाय. दया हाय का काय हाय, मला कळत नाय."

"आणि माझ्यावर?"

"ते तुला म्हाईत हाय."

"मग माझ्यावर घर पडलं नाही म्हणून मी सोडून द्यायची? माझं छप्पर शाबूत आहे, आई-बाप जिवंत आहेत, म्हणून मला सोडणं सोपं, असंच ना?"

त्यानं गळ्यातली माळ मुठीत धरली. रडत होता. मला त्याचं रडणंही आवडलं नाही आणि त्याला जवळ घ्यावंसंही वाटलं. दोन्ही एकाच वेळी.

"माझी सुपारी परत दे," मी म्हणाले.

"नाय देता येत."

"हरवली ना? मग तसं सांग."

"हरवली नाय. त्याच सांजेला लक्षात आलं, वाकलो तेव्हाच कमरेतून सरकली. चुन्यात पडली. वर मीच उंबरा बसवला. मी पहार घेऊन गेलो होतो काढायला, देवाशप्पथ. एक घाव घातला न गोदूबाई उंबऱ्यावर आडवी पडली. म्हनली, आता आमचं घर पुन्यांदा पाडू नको रं बाबा." त्यानं बोटानं जमिनीवर आडवी रेघ ओढली. "सुपारी तिथंच हाय. उंबऱ्याखाली."

म्हणजे वैशाखात सगुणा माप ओलांडून घरात जाणार, ती माझ्यावरून. तो रोज कामाला जाणार, परत येणार, माझ्यावरून. आणि दोष द्यायचा तर कुणाला? त्यानं थाळीतली दुसरी सुपारी घेतली असती, तर तो आज बुवांना घेऊन आला असता. माझ्याशी इमान राखायला गेला आणि तिथंच अडकला.

मग त्यानं कागद उलगडला. आत आमचाच गणपती होता, चार बोटांचा. डोळे खरवडून काढलेले.

"हा सगुणाच्या दारावरचा. तिनं खिळ्यानं खरवडला. म्हनली, डोळे असून ह्यानं काय बगितलं? मला बिनडोळ्यांचाच द्या. खरवडताना सोंड तुटली. ती म्हातारी भंगलेला देव दारावर ठेवून घेईना. म्हनून मी…" त्यानं मूर्ती माझ्यासमोर ठेवली. "एक बिनडोळ्यांचा दे, मालू. दुसऱ्या कुनाकडं मागवत नाय."

आतल्या दाराशी अप्पा उभे होते. किती वेळापासून कोण जाणे.

"आमच्या उंबऱ्याबाहेर तसा जात नाही," ते म्हणाले. एवढंच म्हणाले आणि येऊन माझ्या शेजारी बसले.

मी फळीवरून एक लहान गणपती उचलला. कुंचला घेतला. त्या दिवशी माझा हात कापत होता. अप्पांनी आपल्या कापणाऱ्या हातानं माझं मनगट खालून धरलं, आणि दोन कापणारे हात एकमेकांना टेकले तसे जरा स्थिर झाले. गुणाजी समोर होता. त्यानं सवयीनं श्वास धरला होता. मी या वेळी त्याला घे म्हटलं नाही.

पापणी मी अर्धी मिटलेली काढली. बुबुळ खाली सरकवलं. आमच्यात असे डोळे कुणी काढत नाही. बघणाऱ्याच्या नजरेला नजर मिळाली पाहिजे, हे पहिल्या दिवशी शिकवतात. मी पांढरा ठिपका अगदी खालच्या काठाला ठेवला.

अप्पांनी मूर्ती उंच धरून पाहिली. "नजर खाली का?"

"दारावर बसेल ना तो. उंबऱ्याकडे बघेल."

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं, मग गुणाजीकडे. मूर्ती स्वतः गवतात बांधली.

मी त्याला रामवाडीपर्यंत सोडायला गेले. का गेले, विचारू नका. एसटी लागली. या वेळी त्याच्या खांद्यावर फळी नव्हती, छातीशी धरलेलं एक पुडकं होतं.

"कपाळाला लागलं होतं, ते दुखतं का अजून?" त्यानं विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "ते बरं झालं."

तो चढला. खिडकीत बसला आणि गाडी वळेपर्यंत माझ्याकडे बघत राहिला. मी हात हलवला नाही. गाडी दिसेनाशी झाल्यावर मी स्टँडवरच्या बाकावर बसले आणि माणसांनी भरलेल्या त्या जागेत मोठ्यानं रडले. कुणाला काही वाटलं नाही. स्टँडवर कुणी ना कुणी रडतंच.

ज्येष्ठात एक पोस्टकार्ड आलं. सुताराचं अक्षर, मोठं आणि सरळ.

"मालू, गणपती बसवला. सगुणा लय वेळ बगत उभी होती. मग म्हनली, ह्यो खाली बगतोय. ह्यालाबी मान वर करवत नसंल. राहू द्या ह्याला. त्या दिवशी ती न म्हातारी पयल्यांदा घरात झोपल्या. मी बाहेर ओट्यावर होतो. तुला सांगावंसं वाटलं. गुणाजी."

कार्ड मी पाचदा वाचलं. मी त्या देवाला शरमेनं मान खाली घालायला लावली नव्हती. मी त्याला माझ्याकडे बघायला लावलं होतं. त्या घरात कुणीतरी एकानं तरी माझ्याकडे बघावं, एवढाच माझा स्वार्थ होता. आणि तेवढ्यावर एक बाई आठ महिन्यांनी छपराखाली झोपली. मला आनंद झाला का? नाही झाला. मला गुणाजी हवा होता. आजही कुणी विचारलं तर मी हेच सांगेन.

खरं कारण कळवावं असं एकदा मनात आलं. कार्ड आणलं, पेन उघडलं. समोर हंगामाच्या मूर्ती रांगेनं उभ्या होत्या, डोळ्यांची वाट बघत. शेवटी मी दोनच ओळी लिहिल्या. "गणपती ओल्या फडक्यानं पुसू नका, रंग जाईल. डोळ्यांना तर कुणी हातच लावू नका."